सत्तावीस आवर्तनं: लाईव्ह जॅझ सॅक्सोफोन कसा ऐकायचा

लाईव्ह जॅझचं रेकॉर्डिंग लावलं की बऱ्याच जणांचं सारखंच होतं, पहिली दोन मिनिटं मस्त वाटतं, मग सॅक्सोफोनवाला वाजवतच सुटतो, काय चाललंय कळेनासं होतं आणि बोट आपोआप पुढच्या गाण्याकडे जातं. यात ऐकणाऱ्याचा काही दोष नाही, कान कुठे लावायचा हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून दहा नावांची यादी न देता एकच रेकॉर्डिंग घेऊन सांगतो, ते एक नीट ऐकलंत की बाकीची दारं तुमची तुम्हाला उघडता येतील.

रेकॉर्डिंग आहे अमेरिकन पियानोवादक आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राचं, अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हल, ७ जुलै १९५६. रचनेचं नाव 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू', आणि तिच्या मधोमध टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्विस. (आडनाव वाचून गोव्याचा वाटेल, पण त्याचं घराणं केप व्हर्दी बेटांवरून अमेरिकेत गेलेलं, पोर्तुगीज दोन्हीकडे होते म्हणून आडनाव सारखं. सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस मात्र आपले गोव्याचेच, त्यांच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं.)

आधी आवृत्ती बरोबर निवडा, कारण इथे खरंच फरक पडतो. स्टेजवर दोन मायक्रोफोन होते, एक रेकॉर्ड कंपनी कोलंबियाचा आणि एक व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा, आणि गोन्साल्विस नेमका रेडिओच्या माईकसमोर उभा राहून वाजवत होता. त्यामुळे १९५६ च्या एलपीवर त्याचा सॅक्सोफोन जरा लांबून आल्यासारखा ऐकू येतो. त्या एलपीतला बराचसा भाग तर नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चिकटवल्या होत्या, ही रचना मात्र मैफलीतलीच आहे. पुढे रेडिओच्या टेप सापडल्या, आणि १९९९ मध्ये दोन्हीकडचा आवाज जुळवून दोन सीडींचा पूर्ण संच निघाला, त्यात गोन्साल्विस अगदी समोर उभा राहिल्यासारखा वाटतो. ॲपवर शोधताना 'कम्प्लीट' लिहिलेला अल्बम घ्या. एलपीवाली आवृत्ती नंतर कधीतरी मुद्दाम ऐका, गर्दीत मागे उभं राहून ऐकल्याचा फील तिच्यात आहे आणि मला तीही आवडते.

आता सेटिंग. शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारं क्रॉसफेड असेल तर तेही बंद, कारण लाईव्ह अल्बममध्ये टाळ्या, खुर्च्यांचे आवाज, कोणीतरी ओरडलेलं हे सगळं संगीतच आहे आणि क्रॉसफेड नेमकं तेच खातं. फोनच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका. त्यावर डबल बासचे, म्हणजे उभं धरून वाजवायच्या त्या मोठ्या तंतुवाद्याचे, खालचे सूर येतच नाहीत, आणि बास नसेल तर या सोलोखालची, म्हणजे सॅक्सोफोनच्या एकट्याच्या वाजवण्याखालची, जमीनच गेली, मग सॅक्सोफोन नुसता हवेत तरंगतो आणि माणूस म्हणतो की जॅझ आपल्याला कळत नाही. साधे वायरवाले इअरफोन चालतील, महागडं काही लागत नाही. पंधरा मिनिटं मोकळी ठेवा, गाडी चालवताना किंवा मेल बघताना नको.

ऐकायची खरी युक्ती म्हणजे मोजणं. हा सगळा सोलो बारा बारच्या ब्लूजवर आहे, एका बारमध्ये चार मात्रा, असे बारा बार झाले की एक आवर्तन, जॅझवाले त्याला कोरस म्हणतात. आपल्याकडे जप करताना बोटांच्या पेरांवर मोजतात ना, अंगठा सोडून चार बोटांची बरोबर बारा पेरं होतात. दर चार मात्रांना अंगठा एक पेर पुढे सरकवा, हात पूर्ण झाला की एक आवर्तन झालं. लय जलद आहे, एक हात पंधरा सेकंदांच्या आतबाहेर संपतो, त्यामुळे पहिल्यांदा सुटेल, सुटू द्या, पुढच्या आवर्तनाला परत पकडा. आधार सॅक्सोफोनचा घेऊ नका, बासचा घ्या. पाचव्या पेरावर बास घर सोडून बाहेर पडल्यासारखा वाटतो, सातव्यावर परत येतो, नवव्यावर जरा ताण येतो आणि अकराव्यावर पुन्हा घरी. सुरांची नावं माहीत नसली तरी हे येणंजाणं कानाला कळतंच, ख्याल ऐकणाऱ्यांना तर फारच लवकर कळेल, सम पकडायची सवय असते.

गोन्साल्विसने अशी सत्तावीस आवर्तनं वाजवली. सलग, साधारण सहा मिनिटं.

ही रचना मुळात १९३७ ची, ७८ च्या वेगाने फिरणाऱ्या जुन्या तबकडीच्या दोन बाजूंवर दोन भाग होते, पहिल्यात ऑर्केस्ट्रा हळूहळू उतरत जातो आणि दुसऱ्यात चढत जातो. मधला जो पूल आहे तो गोन्साल्विसकडे, आधीही त्याने तो वाजवला होता. पण न्यूपोर्टच्या त्या रात्री बारा वाजून गेलेले, लोक निघायच्या बेतात, आणि ड्यूकचे दिवसही बरे नव्हते, मोठे ऑर्केस्ट्रा एकेक करून बंद पडत होते आणि हा माणूस आपला जिद्दीने सगळ्यांना सांभाळून होता. हे डोक्यात ठेवून ऐका.

पहिल्या वेळी फक्त मोजा. दुसऱ्या वेळी सॅक्सोफोन विसरून लोकांकडे कान द्या, माझ्या मते या रेकॉर्डिंगची सगळी ताकद तिथे कळते. सोलो सुरू होतो तेव्हा पब्लिक जवळजवळ शांत आहे. मग कुठेतरी एक हाक, मग शिट्टी, मग गलका वाढत जातो. काळ्या ड्रेसमधली एक बाई पुढच्या बाजूला एकटीच नाचायला उठली होती, तिला बघून बाकीचे उठले, खुर्च्यांवर चढले, आणि हे दिसत नसलं तरी आवाज कसा फुगत जातो त्यातून कळतं. त्या गलक्यातून ड्यूकचं ओरडणंही ऐकू येतं, तो गोन्साल्विसला अजून अजून म्हणून ढकलतोय. आता परत सॅक्सोफोनकडे या, लोकांचा आवाज चढला की तो काय करतो ते बघा. तो किंचाळत नाही. वरच्या पट्टीत जाऊन टाळ्या घेणं अगदी सोपं होतं, ते तो करत नाही, मधल्याच सप्तकात, त्या मऊ, श्वास भरलेल्या आवाजात लहान लहान वाक्यं विणत राहतो आणि लय सोडत नाही. लोक पेटलेत आणि मधला माणूस शांतपणे चालतोय, स्टुडिओत सत्तावीस आवर्तनं वाजवायला कोणी सांगितलंच नसतं आणि सांगितलं असतं तरी दहाव्यानंतर ती कोणासाठी वाजवायची हा प्रश्न आला असता.

तिसऱ्या वेळी जिमी वूडचा बास आणि सॅम वुडयार्डचे ड्रम्स. सहा मिनिटं हे दोघं एकसारखी चाल देतात आणि ती जरासुद्धा ढिली पडत नाही, ही मेहनत सोलोइतकीच मोठी आहे आणि तिचं नाव कोणी घेत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. पियानो कुठे आहे आणि कुठे गप्प बसतो तेही बघा, ड्यूक मधेच हात काढून घेतो तेव्हा खाली नुसते बास आणि ड्रम्स उरतात आणि सोलो अजूनच उघडा पडतो. सोलो संपला की बंद करू नका, पियानोनंतर पूर्ण ऑर्केस्ट्रा चढत जातो आणि शेवटी कॅट अँडरसनचा ट्रम्पेट अगदी छपराला लागतो. त्यानंतर आयोजकांना पब्लिक आवरेना, ते थांबवायला बघत होते, पण ड्यूकने आपल्या आल्टो सॅक्सोफोनवाल्या जॉनी हॉजेसला पुढे करून संथ गाणं लावलं आणि लोकांना सांभाळलं. पूर्ण संचात हेही आहे, ते ऐकल्याशिवाय उठू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्यूक टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर आला, आणि पुढे तो सांगायचा की माझा जन्म १९५६ साली न्यूपोर्टला झाला.

हे अंगवळणी पडलं की पुढचं रेकॉर्डिंग सॉनी रोलिन्सचं, ३ नोव्हेंबर १९५७, न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला छोटा क्लब. इथे पियानोच नाही, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम्स, बस. 'सॉनीमून फॉर टू' लावा, तोही बारा बारचाच ब्लूज आहे त्यामुळे पेरं तशीच चालतात, आणि सुरुवातीला एकच छोटी उतरती ओळ तीनदा येते, तिच्यावरून आवर्तन लगेच सापडतं. रोलिन्स त्या ओळीचे तुकडे करून पुढे कसे वापरतो हे शोधत बसा, रागातल्या एका पकडीवर बढत करणारे गायक ज्यांना आवडतात त्यांना हा माणूस आवडणारच. हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता आणि १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवायला परत मुंबईत आला.

तिसरं जॉन कोलट्रेनचं 'चेसिन द ट्रेन', त्याच व्हॅनगार्डमध्ये नोव्हेंबर १९६१ ला झालेलं, पंधरा मिनिटांहून लांब, सॅक्सोफोन जवळपास न थांबता. हाही बारा बारचा ब्लूज, पण इथे पेरं वारंवार हरवतील कारण कोलट्रेनची वाक्यं आवर्तनाच्या कडा ओलांडून सरळ पुढे जातात. ते गोन्साल्विसच्या पाठोपाठ त्याच दिवशी लावू नका, कान थकलेला असतो आणि मग सगळा नुसता आवाज वाटतो. आठवडाभराने, ताज्या कानाने लावा, आणि मोजणं सुटलं की एल्विन जोन्सच्या ड्रम्सना धरून राहा.