फ्रेमची भिंत: आधी कागद, मग ड्रिल

भिंतीवर फोटो आणि चित्रं एकत्र लावायची म्हटलं की हमखास सल्ला मिळतो: ‘मोठी फ्रेम मधोमध लाव, बाकीच्या अंदाजाने लावत जा.’ हे ऐकू नका. अंदाजाने लावताना एक फ्रेम दोन सेंटिमीटर सरकली की पुढच्या सगळ्या तिला सांभाळून घेत सरकतात, आणि शेवटची कुठेच बसत नाही.

१. निवड. फ्रेम वेगवेगळ्या आकाराच्या असू द्या, पण काहीतरी एक समान ठेवा: लाकडाचा रंग किंवा चित्राभोवतीची पांढरी पट्टी. सगळंच वेगळं असेल तर भिंत नुसती भरलेली दिसते. थेट ऊन येणारी भिंत टाळा, फोटोंचे रंग उडतात. ओल येणारी भिंतही नको.

२. जमिनीवर मांडणी. सगळ्या फ्रेम जमिनीवर मांडा. सर्वांत मोठी मधोमध ठेवण्यापेक्षा थोडी डावी-उजवीकडे ठेवा. दोन फ्रेममध्ये ५ ते ७ सेंटिमीटर जागा, सगळीकडे सारखी. मनासारखं जमलं की वरून फोटो काढून ठेवा.

३. उंची. सगळ्या फ्रेम मिळून एकच मोठं चित्र आहे असं धरा. त्याचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. बहुतेक लोक फार उंच लावतात आणि मग मान वर करून बघतात. खाली सोफा असेल तर सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर सुरुवात करा. दोन्ही हिशेब जुळले नाहीत तर सोफ्याचा खरा धरा.

४. भोकाची जागा. खरी अडचण इथेच आहे. मलाही सुरुवातीला हीच पायरी सर्वांत जड गेली. फ्रेम जिथे दिसायला हवी ती जागा आणि भोक पाडायची जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेमच्या वरच्या कडेवर पेन्सिलची खूण करून तिथेच खिळा ठोकला, तर फ्रेम हमखास वर जाते, कारण तार किंवा कडी कडेपासून काही अंतर खाली असते.

म्हणून प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापा. फ्रेम पालथी ठेवा, त्यावर कागद कडेला कड जुळवून ठेवा. तार असेल तर हूक जिथे येणार तिथे बोटाने ती वरच्या दिशेला ताणून धरा, आणि ताणलेल्या अवस्थेतच तिची जागा कागदावर टिपा. सैल तार मोजलीत तर माप चुकणारच. खूण केलेल्या जागी कागदाला टोच्याने भोक पाडा.

आता कागद भिंतीवर लावताना खूण केलेली बाजू भिंतीकडे करा. पाठीमागून घेतलेलं माप समोरून बघताना डाव्याचं उजवं होतं. कड्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर नसतील तर हे विसरून चालत नाही. फ्रेमचं नाव लिहायचं ते समोरच्या बाजूवर.

एक उदाहरण: फ्रेमची उंची ४० सेंटिमीटर, मध्य १४८ वर हवा. म्हणजे वरची कड १६८ वर. ताणलेली तार कडेच्या ६ खाली असेल, तर तार १६२ वर टेकायला हवी. पण हूक वापरत असाल तर त्याच्या खिळ्याचं भोक तार टेकते त्या वाकापेक्षा वर असतं. हूक हातात घेऊन तेवढं अंतर मोजा आणि भोक तितकंच वर घ्या. हा शेवटचा हिशेब कुणी सांगत नाही, आणि सगळं नेमकं मोजूनही फ्रेम खाली का आली ते कळत नाही.

सगळे कागद मास्किंग टेपने भिंतीवर लावा आणि दिवसभर तसेच राहू द्या. सकाळच्या आणि रात्रीच्या दिव्याच्या उजेडात, उभं राहून आणि बसून बघा. टेप सोडवून कागद हलवता येतो, भोक हलवता येत नाही. रांगा सरळ आहेत का, हे स्पिरिट लेव्हलने (बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी पट्टी) तपासा. छताशी किंवा दाराच्या चौकटीशी जुळवू नका, त्याच तिरक्या असू शकतात.

५. भोकं. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, तिथून वायर गेलेली असू शकते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत नळाच्या लाइनचाही विचार करा. वीट-काँक्रीटच्या भिंतीत नुसता खिळा प्लास्टर फोडतो. कागदावरूनच ड्रिल करून प्लास्टिकचा प्लग (भोकात बसवायची, स्क्रूला घट्ट धरणारी नळी) आणि स्क्रू घाला. चिकटपट्ट्यांवर जड किंवा काचेची फ्रेम टांगू नका. पापुद्रे सुटणाऱ्या रंगावर तर हलकीही टिकत नाही.

६. टांगणं. कागद फाडून काढा, फ्रेम लावा. रुंद फ्रेमला दोन हूक द्या, म्हणजे दार आपटलं तरी ती तिरकी होत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांमागे रबराच्या छोट्या टिकल्या चिकटवा. फ्रेम हलत नाही आणि मागून हवा खेळती राहते.