त्या दिवशी गाडीवर कोण होतं? ट्रक-टेम्पो मालकांनी कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि कशा

गाडीचे कागद म्हटलं की आरसी, इन्शुरन्स, पासिंग (फिटनेस), परमिट, पीयूसी, टॅक्स ही यादी कुणालाही झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. ते कागद महत्त्वाचेच आहेत, पण ते हरवले तरी परत निघतात, सगळं ऑनलाइन आहे. जे कुठल्याच सरकारी सर्व्हरवर नसतं ते म्हणजे त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं, गाडी निघताना कशा अवस्थेत होती आणि आत काय किती भरलेलं होतं. हे फक्त तुमच्याकडेच असू शकतं आणि लफडं झालं की पोलीस, इन्शुरन्सवाला, कोर्ट सगळे नेमकं हेच विचारतात. म्हणून मी इथे जास्त वेळ यावरच घालवणार आहे, बाकीचं पटकन उरकतो.

आधी ते मुदतीचे कागद. २०१८ च्या नोव्हेंबरपासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये बदल झाला, तेव्हापासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधला कागद रस्त्यावर चालतो, त्यामुळे ओरिजिनल फाइल केबिनमध्ये कोंबून फिरवायची गरज नाही, ती ऑफिसात राहू दे. पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर दरवर्षी करायचं, आणि बऱ्याच जणांचं इथेच चुकतं कारण आठ वर्षं झाल्याचं लक्षात राहत नाही आणि डोक्यात अजून दोन वर्षांचाच हिशोब असतो. एक मोठा कागद घ्या, आडव्या ओळीत गाड्यांचे नंबर, उभ्या रकान्यात इन्शुरन्स-पासिंग-परमिट-पीयूसी-टॅक्स आणि प्रत्येक चौकोनात फक्त संपायची तारीख. भिंतीवर लावा. मोबाईलचे रिमाइंडर आपण आवाज बंद करून विसरतो, भिंत बंद करता येत नाही.

आता ट्रिपशीट, म्हणजे गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ फार कमी मालकांना माहीत असतं. तुमच्या ड्रायव्हरवर काही गुन्ह्याचा आरोप झाला आणि पोलिसांनी मागणी केली तर ड्रायव्हरचं नाव, पत्ता, लायसनची माहिती देणं हे गाडीमालकाचं कायदेशीर काम आहे. एका गाडीवर एकच माणूस वर्षानुवर्षं असेल तर प्रश्न नाही, पण चार गाड्या आणि सहा ड्रायव्हर, त्यात एक सुट्टीवर, एक गावी गेलेला, एक बदली म्हणून आलेला, अशात तीन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी रात्री अकराला गाडीवर कोण होतं हे आठवून सांगता येतं का? नाही ना. मग लिहून ठेवा.

ट्रिपशीटला छापील पुस्तक लागत नाही, साधी दोनशे पानी वही चालते, फक्त प्रत्येक गाडीची वेगळी. एक ओळ कशी असावी ते सांगतो: तारीख, निघायची वेळ, निघतानाचं किलोमीटर, ड्रायव्हरचं पूर्ण नाव (नुसतं पप्पू किंवा अण्णा नको, कोर्टात अण्णा कोण हे सिद्ध करत बसाल), क्लीनर, कुठून कुठे, बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची पावती) नंबर, पोचायची वेळ, पोचतानाचं किलोमीटर, आणि ड्रायव्हरची सही. वाटेत ड्रायव्हर बदलला तर नवीन ओळ, त्याच ओळीत खाडाखोड करून दुसरं नाव घुसडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर लिहा आणि सही करा. व्हाइटनर लावलेल्या वहीवर कुणीच विश्वास ठेवत नाही, आणि महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने एका बैठकीत भरलेली वही तर लांबूनच ओळखू येते.

निघायची-पोचायची वेळ लिहिण्याचा दुसरा उपयोग म्हणजे ड्रायव्हरचे तास. कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास धरलेत. लाइनवर प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना माहिती आहे, त्यावर इथे भाषण देत नाही. पण मोठा अपघात झाला की ड्रायव्हर किती तास जागा होता हा प्रश्न निघतोच, आणि तेव्हा तुमच्या वहीत मध्ये विश्रांती घेतल्याची, दुसऱ्याला बसवल्याची नोंद असेल तर सांगायला काहीतरी असतं. जीपीएसचा डेटा आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या कंपनीला विचारून घ्या की जुना डेटा किती दिवस ठेवता, आणि दर महिन्याला रिपोर्ट डाउनलोड करून ठेवा. शिवाय जीपीएसला गाडी कुठे होती ते कळतं, स्टिअरिंगवर कोण होतं ते नाही कळत.

ड्रायव्हरची फाइल हा पुढचा मुद्दा. कामावर घेताना लायसनची झेरॉक्स घेऊन खिळ्याला अडकवली की काम संपलं असं नसतं. लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून परिवहनच्या सारथी पोर्टलवर तपासा, लायसन खरं आहे का, कुठल्या प्रकारच्या गाडीचं आहे, मुदत कधीपर्यंत आहे, आणि त्या स्क्रीनची तारखेसकट प्रिंट काढून फाइलला लावा. ही प्रिंट का म्हणतोय? अपघाताच्या दाव्यात इन्शुरन्स कंपनी लायसन खोटं होतं किंवा चालू नव्हतं म्हणून हात वर करायला बघते. २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसतं लायसन सदोष असून भागत नाही, मालकाने योग्य ती काळजी घेतली नाही हे कंपनीला दाखवावं लागेल. तुम्ही काळजी घेतली होती याचा पुरावा म्हणजे ही प्रिंट, त्याच्यासोबत घेतलेल्या ड्रायव्हिंग टेस्टची दोन ओळींची नोंद, आधीच्या मालकाला फोन करून चौकशी केली असेल तर तीही. व्यावसायिक लायसन पाच वर्षांचं असतं, म्हणजे ड्रायव्हर जुना झाला की कधीतरी मुदत संपणारच, भिंतीवरच्या त्या कागदावर ड्रायव्हरांसाठी पण एक ओळ ठेवा. छोट्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट, ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन चालतं हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नक्की केलंय, त्यामुळे त्यावरून कुणी घाबरवत असेल तर घाबरू नका, पण वजन आरसीवर बघून घ्या, अंदाजाने नको.

गाडीच्या दुरुस्तीचं रजिस्टर बहुतेकांकडे नसतंच. असते ती मिस्त्रीच्या बिलांची पिशवी. बिल सांगतं की पैसे किती गेले, पण ड्रायव्हरने तक्रार कधी केली आणि त्यानंतर गाडी किती दिवस तशीच पळाली हे बिलावर नसतं. ट्रिपशीटच्या वहीतच डाव्या पानावर ट्रिपशीट आणि उजव्या पानावर गाडीची तब्येत असं करा. निघण्याआधी ड्रायव्हरने गाडीभोवती चक्कर मारायची, टायर, नट, लाइट, इंडिकेटर, ब्रेक, हवा, ऑइल, काच, रिफ्लेक्टर टेप. सगळं ठीक असेल तर ‘ओके’ लिहून सही. नसेल तर जे आहे ते त्याच्याच भाषेत, उदाहरणार्थ ‘मागचा डावा ब्रेक आवाज करतोय, उतारावर धरत नाही’. याच्या खाली तुम्ही काय केलं ते त्याच दिवशी लिहायचं: गाडी थांबवली, लायनर बदलले, अमुक किलोमीटरला, बिल नंबर हा. तक्रार लिहिलेली आहे आणि खाली काहीच नाही अशी वही मात्र तुमच्याच विरुद्ध पुरावा आहे, म्हणून काही मालक ड्रायव्हरला लिहूच देत नाहीत, जे मला अजिबात पटत नाही, कारण ड्रायव्हर पोलिसांसमोर तोंडी तेच सांगणार आहे आणि तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल. टायरचं वेगळं पान करा, टायरचा नंबर, कुठल्या जागी लावला, किती किलोमीटरला, रिमोल्ड (घासलेल्या टायरवर नवा थर) कधी केला. चोरी पकडायलाही हेच पान कामाला येतं, गाडीखालचा चांगला टायर बदलून जुना लावला की नंबर बोलतो.

मालाचे कागद. बिल्टीची ऑफिस कॉपी, काटा पावती (वजनाची), ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) आणि माल उतरल्यावर सही-शिक्का घेतलेली पोच, या चार गोष्टी एकाच पिनमध्ये एकत्र, बिल्टी नंबराच्या क्रमाने. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे, आणि वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर ४०,०००. भरल्यावरची काटा पावती जपली नाही तर वाद घालायला हातात काही उरत नाही. ई-वे बिल ५०,००० च्या वरच्या मालाला लागतं (राज्यातल्या राज्यात मर्यादा राज्यागणिक वेगळी, महाराष्ट्रात १ लाख), दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, आणि मुदत वाढवायची तर संपण्याच्या आधीचे आणि नंतरचे आठ तास एवढीच खिडकी मिळते. गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये (गाडीच्या माहितीचा भाग) नवीन गाडी नंबर टाकल्याशिवाय हलायचं नाही, आणि वहीत ब्रेकडाउनची वेळ-जागा लिहायची. पोचेवर ‘दोन पोती ओली’ असा शेरा असेल तर त्याचा फोटो लगेच मागवा, कारण सामान्य वाहकाकडे, म्हणजे भाड्याने माल नेणाऱ्याकडे, नुकसानीचा दावा लावण्याआधी बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे सहा महिने तरी तो विषय जिवंत राहू शकतो.

काटा पावती, पंपाची पावती, या बऱ्याचदा थर्मल कागदावर (उष्णतेने छपाई होते तो) येतात आणि डॅशबोर्डवर उन्हात पडल्या की काही आठवड्यांत कोऱ्या होतात. त्याच दिवशी फोटो किंवा झेरॉक्स. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला म्हणजे रेकॉर्ड झालं असं नाही, फोन बदलला की गेलं. महिन्यातून एकदा कुणीतरी बसून ते फोटो गाडी नंबर आणि तारीख असं नाव देऊन कॉम्प्युटरवर टाकायचे, एक कॉपी दुसरीकडे.

टॅक्सबाबत एक गैरसमज सगळीकडे पसरलाय. दहा गाड्यांपर्यंतच्या मालकाला इनकम टॅक्समध्ये ठोक पद्धतीने उत्पन्न दाखवता येतं, १२ टनांवरच्या गाडीला महिन्याला टनामागे १,०००, बाकीच्यांना गाडीमागे ७,५००, आणि मग हिशोबाच्या वह्या ठेवायची सक्ती नसते. हे खरं आहे. पण त्यावरून लोक म्हणतात की आपल्याला काहीच ठेवायचं नाही. जीएसटी कायद्याचं कलम ३५ म्हणतं की ट्रान्सपोर्टर, तो रजिस्टर असो वा नसो, माल कुणाचा, कुणाला, काय होता याची नोंद ठेवेल, आणि ती ठेवायची मुदत कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणून बिल्ट्या आणि भाड्याची बिलं आठ वर्षं तरी जायला द्यायची नाहीत. ट्रिपशीट आणि दुरुस्तीच्या वह्या मी तर म्हणतो गाडी तुमच्याकडे आहे तोवर ठेवा, एका गाडीच्या वर्षाला दोन-तीन वह्या होतात, जागा कितीशी लागते. अपघाताची फाइल मात्र केस पूर्ण संपेपर्यंत, अपिलासकट.

अपघात झालाच तर त्या ट्रिपशीटचं पान, उजवीकडचं तब्येतीचं पान, ड्रायव्हरची फाइल यांच्या झेरॉक्स लगेच वेगळ्या काढा, ओरिजिनल वही पोलिसांनी नेली तर पोहोच पावती घ्या. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवणं कलम १३४ प्रमाणे बंधनकारकच आहे, पॉलिसी नंबर, तारीख-वेळ-जागा, जखमी किंवा मृतांची माहिती, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन, हे सगळं त्यात टाकायचं. फोनवर एजंटला सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही, ईमेल करा आणि त्याची प्रिंट फाइलला.

गाडी विकताना मालकी हस्तांतराची माहिती आरटीओला त्याच राज्यात १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात ४५ दिवसांत द्यायची असते. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर कोर्ट तुम्हालाच मालक धरतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे ताबा देतानाच्या पावतीवर नुसती तारीख नको, वेळ आणि किलोमीटर पण लिहा, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स त्याच्या सहीने घ्या, नावावर झालेली नवीन आरसी ऑनलाइन दिसेपर्यंत दर आठवड्याला तपासत राहा, आणि त्या गाडीच्या वह्या काही झालं तरी नव्या मालकाला देऊ नका, त्याला हव्या असतील तर झेरॉक्स द्या.