साबण देणारी झाडं लावताना

रिठ्याला फळ धरायला दहाएक वर्षं लागतात हे कळलं की बहुतेक जण तो बेतच सोडून देतात. याची मला मनापासून हळहळ वाटते, कारण एकट्या रिठ्यावर विसंबून राहायची काही गरजच नाही. माझं सांगणं असं की सॅपोनारिया (मुळांना फेस येणारं एक फुलझाड), शिकेकाई आणि रिठा ही तिन्ही एकाच हंगामात लावा. सॅपोनारिया दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाताशी येते, मग शिकेकाई, आणि तोवर रिठा निवांत वाढत राहतो.

तिघांमधलं फेस देणारं द्रव्य एकाच कुळातलं, सॅपोनिन. त्याच्या रेणूचा एक भाग शर्करेचा असतो, तो पाण्यात विरघळतो. दुसरा भाग तेलकटपणाला धरतो. मळ सुटतो तो या ओढाताणीमुळे. जड पाण्यात साबणाचा जसा पांढरा चिकट साका धरतो तसा याचा धरत नाही, म्हणून बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना तर मी हे आवर्जून सुचवते. झाड मात्र सॅपोनिन तयार करतं ते स्वतःच्या बचावासाठी, बुरशी आणि किडींना दूर ठेवायला. माशांना ते घातक असतं. घरात माशांचं टाकं किंवा बागेत कमळाचं तळं असेल तर यातलं कुठलंही झाड त्याच्या काठाला लावू नका आणि धुण्याचं पाणीही तिकडे सोडू नका.

सॅपोनारिया ऑफिसिनॅलिस हे गुडघ्या-मांडीएवढं वाढणारं बहुवर्षायू रोप. फिकट गुलाबी फुलं येतात, संध्याकाळी त्यांना गोड वास सुटतो आणि पतंग जमतात. जुन्या नाजूक कापडांच्या जतनाचं काम करणारे लोकही याच्या मुळांचा काढा वापरत आले आहेत. बी ओल्या वाळूत मिसळून तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवा. गारवा मिळाल्याशिवाय ते नीट उगवत नाही. मग मातीवर नुसतं भुरभुरवा, खोल पुरू नका. निचऱ्याची जमीन हवी, खत बेताचं. जास्त झालं की झाड आडवं पडतं. जमिनीखालच्या खोडांनी ते चौफेर पसरतं, म्हणून मी ते रुंद कुंडीतच ठेवते. फार उष्ण, दमट हवेत ते कुढतं, तिथे अर्धी सावली द्या. मुळं काढायची ती दुसऱ्या वर्षानंतर, वरचा पाला सुकू लागला की. धुऊन ओली असतानाच चिरा, वाळल्यावर ती सुरीला दाद देत नाहीत. कोंब असलेला एक तुकडा परत मातीत खोचा, म्हणजे पुढची सोय झाली. पाला आणि देठांनाही फेस येतो, मुळांपेक्षा थोडा कमी.

शिकेकाईला जागा निवडतानाच विचार करा. ती वेल आहे, दणकट आहे आणि तिचे काटे मागे वळलेले असतात. एकदा बाही अडकली की सुटत नाही. येण्याजाण्याच्या वाटेवर नको, कुंपणाला हवी. बियांवर कडकडीत पाणी ओतून रात्रभर तसंच राहू द्या आणि फुगलेल्या बिया लगेच पेरा. शेंगा तपकिरी होऊन सुरकुतल्या की तोडा, आणि छाटणी शेंगा उतरवल्यावरच करा.

आता रिठा. उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या जातीचं (सॅपिंडस मुकोरोसी) फळ गोल आणि गुळगुळीत असतं. दक्षिणेकडच्या जातीचं तीन पाकळ्या जोडल्यासारखं. आपल्या हवेत जी रुजलेली दिसते तिचंच बी घ्या. पक्व फळ उजेडात धरलं तर मधाच्या रंगाचं, अर्धपारदर्शक दिसतं आणि हलवलं की आत बी खुळखुळते. साबण आहे तो सालीत. काळी बी लावायला ठेवा. फक्त फळ उकळलेलं नसावं, उकळलेली बी उगवत नाही.

बीचं कवच दगडासारखं कठीण असतं. एका बाजूने कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने घासत राहा. काळा थर जाऊन आतला फिकट रंग दिसला की थांबा. त्यापुढे गेलात तर गराला इजा होते. मग गरम पाण्यात टाकून दिवसभर भिजू द्या. पेरायची ती खोल पिशवीत, निदान 30 सेंटिमीटरच्या, कारण सोटमूळ सरळ खाली धावतं आणि उथळ कुंडीत ते गोल गोल गुंडाळलं जातं. काही बिया महिन्याभरात कोंब काढतात, काही दोन-तीन महिने ढिम्म राहतात. पिशवी रिकामी करायची घाई करू नका. पुढच्या पावसाच्या सुरुवातीला रोप जमिनीत लावा, भोवती 6 ते 8 मीटर मोकळी जागा ठेवून. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतं, मग झाड स्वतःचं बघतं. थंडीत पानं गळतात, घाबरू नका. फुलोऱ्यावर मधमाश्या तुटून पडतात, तेव्हा आसपास फवारणी नको.

वापरताना पाच-सहा रिठ्यांची साल बाटलीभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर पंधरावीस मिनिटं उकळा, कुस्करा, गाळा. रेशीम आणि लोकर यात फार छान निघते. पांढऱ्या कपड्यांना मी ते वापरत नाही, पिवळसर झाक राहू शकते. केसांसाठी शिकेकाईच बरी, रिठ्याने केस कोरडे पडतात. जोडीला जास्वंदीची वाटलेली पानं घेतली तर केसांना मऊपणा येतो. हे पाणी डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं, मुलांचे केस धुताना कपाळावर कापडाची घडी धरा.

काढा बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत आंबतो. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो. जास्त झाला तर मी तो बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि लागेल तसे खडे काढून कोमट पाण्यात विरघळवते. सुक्या साली मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत, ओल लागू न देता, वर्षभर सहज राहतात.