प्रीमूव्ह कुठे टाकायचा आणि कुठे नाही
ऑनलाइन बुद्धिबळात ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांचा झटपट डाव) टाइम वाचवायला प्रीमूव्ह (समोरच्याची चाल व्हायच्या आधीच लावून ठेवलेली आपली चाल) लागतोच, पण बिनधास्त टाकायचा तो फक्त उलट मारायचा (त्याने आपलं मोहरं मारलं की त्याच घरात त्याचं मारायचा), कारण समोरच्याने मारलंच नाही तर त्या घरात आपलंच मोहरं असतं, मग चाल आपोआप रद्द, नुकसान काही नाही. ओपनिंगला सवयीने टाकलेला मात्र महागात पडतो. पांढऱ्याचं प्यादं डी४ घरात, आपलं जी६ आणि लगेच उंट जी७ प्रीमूव्ह, तेवढ्यात पांढरा त्याचा उंट थेट एच६ ला आणतो (एरवी फुकट मिळाला असता!), आपला उंट मुकाट जी७ वर जाऊन मरतो, मागोमाग कोपऱ्यातला हत्तीपण. बाकी १+० (एक मिनिट, वाढीव वेळ नाही) पेक्षा ३+२ (तीन मिनिटं) खेळा, दर चालीला वाढीव २ सेकंद मिळतात, जिंकलेला एंडगेम नुसता घड्याळापायी जात नाही.