दुखापतीनंतर कामावर परतताना: भरपाई, दाखला आणि पहिले काही आठवडे

कामावर इजा झाली की घरात दोन प्रश्न उभे राहतात: पैसे कधी मिळणार आणि पुन्हा कामावर कधी जायचे. बहुतेक कामगार पहिल्याचे उत्तर कार्यालयात शोधतात आणि दुसऱ्याचे दवाखान्यात. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरे डॉक्टरांच्या दाखल्यावर अवलंबून असतात, आणि तो नीट लिहून घेण्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

त्याआधी नोंद. इजा किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी ती लेखी कळवावी, कारण कंबरेचे किंवा खांद्याचे दुखणे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी डोके वर काढते. अर्जात वेळ, जागा, त्या क्षणी चालू असलेले काम, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावे आणि मार लागलेला प्रत्येक अवयव लिहावा. मोडलेल्या हाताच्या वेदनेत गुडघ्याचा मुका मार सांगायचा राहून जातो, आणि सहा आठवड्यांनी गुडघा सुजला की तो मार कामावरचाच कशावरून, असे विचारले जाते. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. चूक आपलीच होती या भीतीने काही जण गप्प बसतात, त्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते की भरपाईचे बहुतेक कायदे चूक कोणाची हे पाहत नाहीत. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का, एवढेच प्रामुख्याने पाहतात.

भरपाई म्हणजे सहसा पूर्ण पगार नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९२५ सालच्या कराराने अपघातानंतर उशिरात उशिरा पाचव्या दिवसापासून भरपाई लागू व्हावी असे ठरवले, तर १९६४ सालच्या १२१ क्रमांकाच्या कराराने पत्नी आणि दोन मुले असलेल्या कामगारासाठी तात्पुरत्या असमर्थतेच्या काळात आधीच्या कमाईच्या ६० टक्के हे किमान प्रमाण मानले. प्रत्यक्ष दर, कमाल मर्यादा आणि सुरुवातीचे विनाभरपाईचे दिवस ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो, म्हणून हे तीन आकडे पहिल्याच आठवड्यात लेखी मागून घ्यावेत. त्यानंतर हिशेब कोणत्या पगारावर धरला आहे ते तपासावे. जादा कामाचा मोबदला आणि नियमित भत्ते कायद्याने धरायचे असूनही वगळले गेले असतील, तर तो फरक भरपाईच्या प्रत्येक हप्त्यात सोसावा लागतो.

कामावर पाऊल ठेवले की भरपाई लगेच बंद होते, असे अनेकांना वाटते आणि त्यामुळे ते घरीच थांबतात. अनेक देशांत अंशतः असमर्थतेची तरतूद असते. समजा, आधी १०० मिळत होते आणि आता अर्धवेळ काम करून ६० मिळतात. कायदा कमाईत आलेल्या तुटीच्या ६० टक्के देत असेल, तर ४० च्या तुटीवर २४ मिळून एकूण ८४ हातात येतात, आणि घरी बसून ६० वरच थांबावे लागते. मात्र या काळात मिळालेली प्रत्येक कमाई, ती दुसरीकडची असली तरी, कळवलीच पाहिजे. ती लपवल्यास दिलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते आणि खरा दावाही संशयाच्या सावटाखाली येतो.

आता दाखल्याविषयी, आणि येथे मी थोडे विस्ताराने लिहितो. ‘कामास योग्य’ किंवा ‘कामास अयोग्य’ एवढाच शेरा असलेला दाखला कामगाराच्या उपयोगाचा नसतो. डॉक्टरांना तुमचे काम दिसत नाही, म्हणून ते तुम्हीच सांगायला हवे: किती किलो वजन, एका पाळीत किती वेळा, जमिनीवरून उचलायचे की खांद्याच्या वर न्यायचे, सलग किती तास उभे राहायचे, शिडी चढावी लागते का, वाहन किंवा यंत्र चालवावे लागते का. हे एका कागदावर लिहून न्यावे. मग दाखल्यात काय करता येईल आणि काय टाळायचे, हे आकड्यांत उतरवून घ्यावे, उदाहरणार्थ ‘५ किलोपर्यंत वजन, दर तासाला १० मिनिटे बसण्याची मुभा, दिवसाला ४ तास, फेरतपासणी दोन आठवड्यांनी’. गुंगी आणणारी औषधे चालू असतील तर तेही त्यात यायला हवे.

असा दाखला हातात असला की मालकाशी किंवा पर्यवेक्षकाशी बोलणे सोपे जाते. तास आणि वजन टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे वेळापत्रक लिहून दोघांनी त्यावर सही करावी. ज्या यंत्रामुळे इजा झाली त्याचे संरक्षक कवच बसवले का, हे परतण्यापूर्वीच विचारावे. दीर्घ विश्रांतीने स्नायूंची ताकद घटते, आणि साध्या कंबरदुखीत तर अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल ठेवण्याचाच सल्ला आज दिला जातो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात अंग दुखले म्हणजे बिघाड झाला, असे नाही. रात्रीच्या झोपेनंतर उतरणारे दुखणे सहसा सवय मोडल्याचे असते. दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, हातापायाला बधिरपणा येत असेल किंवा पकड सुटत असेल, तर काम तिथेच थांबवावे, लेखी कळवावे आणि डॉक्टरांकडे जावे. यंत्रासमोर उभे राहिल्यावर धडकी भरणे, झोप उडणे, हेही डॉक्टरांना सांगण्याचेच दुखणे आहे. ते अंगावर काढू नये.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी विचारून घ्यावी. औषधे, तपासण्या आणि दवाखान्याच्या प्रवासाच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवाव्यात.

एकरकमी तडजोडीच्या कागदावर मात्र घाईने सही करू नये. प्रकृती आणखी सुधारणार नाही किंवा बिघडणार नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय कायमच्या नुकसानाचा अंदाज बांधता येत नाही. सही झाल्यावर पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाकडे राहील, हे त्या कागदात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर कामगार संघटनेच्या प्रतिनिधीला किंवा वकिलाला दाखवेपर्यंत तो कागद स्वतःजवळच ठेवावा.