दोन अतिशीत अणूंचं मॉडेल लॅपटॉपवर कसं बांधावं

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. हे गणित शिकायला मला त्या दुपारी फार आवडतात. 1995 साली अमेरिकेत रुबिडियमचे अणू सुमारे 170 नॅनोकेल्विनपर्यंत थंड केले गेले. इतक्या थंडीत अणूची तरंगलांबी एवढी वाढते की शेजाऱ्याच्या बलातले बारकावे तिला जाणवतच नाहीत. दोघांमधलं सगळं आकर्षण-प्रतिकर्षण एका आकड्यात मावतं. त्याला ‘जी’ म्हणू.

आधी दोनच अणू घ्या, एका रेषेवर, स्प्रिंगसारख्या सापळ्यात. अणूचं वस्तुमान, सापळ्याची वारंवारता आणि प्लांकचा लघुस्थिरांक (ħ), तिन्ही 1 माना. दोन स्थानांची बेरीज आणि वजाबाकी करून दोन्हींना √2 ने भागा. बेरजेला परस्परक्रिया शिवतही नाही. तिची किमान ऊर्जा 0.5, ती बाजूला ठेवा. उरलं एका चलाचं, म्हणजे वजाबाकीचं, गणित.

आता जाळी. सोलापुरी चादरीवरचं फूल विणण्याआधी ग्राफच्या चौकटींत उतरवतात; चौकटी मोठ्या असतील तर पाकळी दातेरी दिसते. इथेही तेच. −8 ते 8 मध्ये 801 बिंदू घ्या, अंतर 0.02. संख्या विषमच हवी, म्हणजे एक बिंदू नेमका शून्यावर येतो. प्रत्येक बिंदूला एक ओळ आणि एक स्तंभ देऊन ऊर्जेचं मॅट्रिक्स भरा: कर्णावर 2500 अधिक त्या बिंदूच्या स्थानाच्या वर्गाचा निम्मा, कर्णालगतच्या दोन्ही ओळींत −1250. मधल्या एकाच घरात ‘जी’ला √2 आणि 0.02 ने भागून मिळवा. हा √2 विसरू नका. माझे दोन दिवस त्यातच गेले होते. मग पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीला मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या, काढायला सांगा.

उत्तर आलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. ‘जी’ शून्य असताना 0.5, 1.5, 2.5 दिसायला हवेत. ‘जी’ 2.09 केल्यावर सर्वांत खालची ऊर्जा जवळजवळ 1 यावी. हे कागदावर गॅमा फलनाने ताडून पाहता येतं. ‘जी’ खूप वाढवलात की ती 1.5 ला टेकते: बोसॉन (एका अवस्थेत कितीही मावणारे कण; आपले अणू तसेच) एकमेकांना इतके टाळतात की ऊर्जेच्या हिशेबात फर्मिऑनसारखे (एका अवस्थेत एकच मावणाऱ्या कणांसारखे) वागतात. 1.5, 3.5 या विषम पातळ्या मात्र जागच्या हलता कामा नयेत, कारण दोन अणू जिथे भेटतात तिथे या पातळ्यांचं तरंगफल (अणू कुठे सापडेल ते सांगणारं फलन) शून्यच असतं. त्या हलल्या तर चूक मधल्या घराच्या जागेत आहे.

तिसरा अणू आणलात की जाळी कोलमडते: दोन चलांसाठी 6,41,601 बिंदू, आणि पूर्ण मॅट्रिक्सला तीन टेराबाइटहून जास्त मेमरी. त्याऐवजी सापळ्याच्या पहिल्या 20 पातळ्या घेऊन त्यांत तीन बोसॉन बसवा. कोणत्या पातळीत किती अणू याच्या 1540 रचना होतात, साधा लॅपटॉप हे पेलतो. ‘जी’ शून्यावर एकूण ऊर्जा 1.5, प्रचंड ‘जी’ला 4.5 कडे. तिथे उत्तर नेहमी थोडं वरच राहतं आणि फार सावकाश उतरतं. 20 च्या जागी 30 पातळ्या घेऊन पुन्हा चालवा. दुसरा दशांश अजून हलत असेल तर पातळ्या आणखी वाढवा.