ग्रँड कॅन्यनमध्ये उतरण्यापूर्वी परतीच्या चढाचा हिशेब

गड चढण्याची सवय असलेल्या माणसाला ग्रँड कॅन्यनची दरी हमखास चकवते, आणि ती का चकवते हे निघण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे. राजगड असो वा कळसूबाई, आपण ताज्या दमाने आधी चढतो, दमलो तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो आणि मग उतारच आपल्याला पायथ्याशी आणून सोडतो. ॲरिझोनातील या राष्ट्रीय उद्यानात क्रम उलटा आहे. गाडी कड्यावर लागते, वाट पहिल्या पावलापासून खाली जाते, सकाळची हवा गार असते आणि पाय आपोआप पडत राहतात. खरा चढ सुरू होतो तेव्हा मात्र ऊन डोक्यावर आलेले असते, बाटली अर्धी झालेली असते आणि मांड्या भरून आलेल्या असतात. म्हणून येथे आखणी परतीची करावी आणि तिच्यात बसेल तेवढेच उतरावे.

हिशेब सोपा आहे. उतरायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण दुप्पट वेळ चढायला लागतो, असे धरून चालावे. हाताशी सहा तास असतील तर दोन तास झाल्यावर, समोर कितीही सुंदर वळण दिसत असले तरी, मागे फिरावे. पाण्याचेही तसेच आहे: एक तृतीयांश पाणी संपले की उतरणे संपले.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिण कड्यावरून निघणाऱ्या दोन वाटांपैकी एक निवडावी. ब्राइट एंजल वाट २०९१ मीटर उंचीवर सुरू होते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही सुमारे साडेचारशे मीटर वर. सपाटीवरून आलेल्या माणसाला येथे थोडी धाप लागणे स्वाभाविक आहे. या वाटेवर २.४ आणि ४.८ किलोमीटरवर दगडी विश्रामस्थाने आहेत आणि ७.२ किलोमीटरवर, कड्यापासून सुमारे ९३० मीटर खाली, हवासुपाई गार्डन्स हे ठिकाण आहे. उघड्या उतारावरून कित्येक वळणे उतरल्यावर तेथील कॉटनवुडची हिरवी झाडे दिसली की डोळे निवतात. या दरीतील मूळ रहिवासी असलेले हवासुपाई लोक तेथे राहत आणि शेती करत. उद्यान झाल्यानंतर त्यांना तेथून घालवण्यात आले, आणि त्या ठिकाणाला त्यांचे नाव २०२२ मध्ये मिळाले. तेथे बसून पाणी पिताना एवढे तरी आठवावे.

दुसरी वाट दक्षिण कैबाब. ती २२१३ मीटरवरून निघते आणि डोंगराच्या धारेवरून जाते, त्यामुळे दरी दोन्ही बाजूंनी उघडी दिसते. पण सावली जवळजवळ नाही आणि पाणी तर वाटेत कोठेच नाही. सुरुवातीच्या ठिकाणापर्यंत खासगी गाडी नेता येत नाही, उद्यानाच्या मोफत बसनेच जावे लागते. २.४ किलोमीटरवरील सीडर रिजपर्यंत जाऊन परत येणे हा पहिल्या दिवसासाठी पुरेसा आणि फार देखणा बेत आहे. माझ्या मते उन्हाळ्यात तर त्यापुढे जाऊच नये.

कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याचा बेत कोणी सुचवला, तर स्पष्ट नकार द्यावा. कैबाबने उतरून ब्राइट एंजलने परतायचे म्हटले तर २५ किलोमीटरहून अधिक चाल होते आणि शेवटी साडेतेराशे मीटरची चढण उरते. उद्यानाचे वनरक्षकही याविरुद्ध बजावतात, विशेषतः मे ते सप्टेंबर या काळासाठी. नदी जवळून पाहायची असेल तर खाली मुक्काम करावा. तंबूसाठी उद्यानाचा परवाना आधी काढावा लागतो आणि फँटम रँच या निवासाच्या जागा सोडतीने मिळतात. दिवसाच्या दिवसात परतणाऱ्याला परवाना लागत नाही.

काळ निवडायला मोकळीक असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर घ्यावा. उन्हाळ्यात कड्यावर हवा सुखद असते, पण खाली सावलीतला पारा ४० अंशांच्या पुढे जातो. दरीत उतरत जाल तसे तापमान वाढत जाते, हे थंड हवेसाठी डोंगरावर जाणाऱ्या आपल्या मनाला पटकन उमगत नाही. या दिवसांत सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत चढणीवर असू नये. जुलै ते सप्टेंबरच्या आरंभापर्यंत दुपारी वादळी पाऊस येतो. दूर कोठेतरी पडलेल्या पावसाचे पाणी कोरड्या ओढ्यातून लोंढ्यासारखे येऊ शकते, म्हणून ओढ्याच्या पात्रात विसावू नये आणि विजा चमकू लागल्यास कड्याच्या टोकावर थांबू नये. हिवाळ्यात वाटेच्या वरच्या, सावलीतल्या भागात बर्फ घट्ट होते. तेव्हा बुटांना लावायचे लोखंडी काटे जवळ हवेतच.

आता उष्णतेविषयी थोडे सविस्तर. मुंबईत किंवा कोकणात घामाने शर्ट अंगाला चिकटतो आणि पाणी जाते आहे हे कळते. येथील हवा इतकी कोरडी असते की घाम निघताच उडून जातो. अंग कोरडे वाटते, आणि विश्रांतीला पाठपिशवी उतरवली की पट्ट्यांखाली व कॉलरवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. त्या रेघा म्हणजे शरीरातून गेलेले मीठ. नुसते पाणीच पाणी पीत राहिले आणि मीठ पोटात गेले नाही, तर रक्तातील सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात आणि सोबती अजाणता आणखी पाणी पाजतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर, भूक नसली तरी, काही खारट खावे. खारे शेंगदाणे, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे ही आपली शिदोरी या कामाला उत्तम आहे. सोबत ओआरएसची पाकिटे ठेवावीत.

ब्राइट एंजलच्या विश्रामस्थानांवरील नळ फक्त उबदार महिन्यांत चालू असतात आणि जलवाहिनी अधूनमधून फुटते, म्हणून त्या दिवशीची स्थिती माहिती केंद्रावर विचारून मगच निघावे. तरीही पाणी स्वतःचेच न्यावे. नळ चालू असेल तर टोपी आणि सुती शर्ट भिजवून तसेच अंगात घालावे. एरवी ट्रेकला सुती कपडे नकोत म्हणतात, पण या कोरड्या उन्हात ओला सुती शर्ट अंग गार ठेवतो. थंडीत मात्र तोच शर्ट घात करील.

बूट आदल्या दिवशीच पाहून घ्यावेत. लांब उतारावर बोटे पुढे आपटत राहतात आणि नखे काळीनिळी पडतात. म्हणून नखे बारीक कापावीत आणि नाडी घोट्यापाशी आवळून बांधावी. दोन काठ्या घेतल्यास गुडघ्यांवरचा भार हलका होतो. विजेरी, शिट्टी आणि कागदी नकाशा सोबत असावा, कारण दरीत फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते.

घड्याळाचीही एक अडचण आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण लगतचा नवाहो नेशन हा नवाहो आदिवासींचा प्रदेश करतो. पेज या गावाकडून येताना फोन वाटेतच तास बदलतो आणि पहाटेच्या बसची गल्लत होते.

वाटेवर खेचरांचे तांडे भेटतात. ते दिसताच डोंगराच्या बाजूला सरकून, दरीकडे पाठ न करता, हाकणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे शांत उभे राहावे. चढून येणाऱ्या माणसांना आधी वाट द्यावी. विश्रामस्थानांवरील खारी पिशवीत शिरतात आणि चावतात. त्यांना दाणा घालणे बेकायदा आहे.

परतताना ज्या वेगात बोलता येते त्याच वेगात चालावे आणि तासाला दहा मिनिटे पाय उंचावर ठेवून बसावे. कोणाची लघवी थांबली, बोलणे असंबद्ध झाले किंवा उलट्या होऊ लागल्या, तर चढणे तेथेच थांबवावे, सावलीत बसवून कपडे ओले करावेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याकरवी निरोप धाडावा. मदत पोहोचायला तास लागू शकतात. नुसता थकवा असेल तर ऊन उतरेपर्यंत थांबून विजेरीच्या उजेडात वर यावे.

ब्राइट एंजलने वर येताना खडकांचे रंग मैलाच्या दगडांसारखे उपयोगी पडतात: आधी रेडवॉलचा उंच लाल कडा, मग तांबडे उतार, आणि अखेरीस कोकोनिनोचा फिकट वालुकाश्म. त्या फिकट पट्ट्याच्या आसपास खडकात कोरलेला छोटा बोगदा लागतो. तो दिसला की अनेकांना आलोच असे वाटते आणि ते उरलेले पाणी संपवून झपाझप चालू लागतात. तेथून कडा अजून सुमारे एक किलोमीटर दूर आहे आणि चढ तितकाच उभा आहे. बाटलीतले शेवटचे चार घोट त्या किलोमीटरसाठी राखून ठेवावेत.